मस्कतचा डबा

"खाली बघू नकोस, हात वर कर," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं त्यांनी माळ्यावरून माझ्या हातात दिलं. मला वाटलं पितळेची भांडी असतील. पण गाठोडं सपाट होतं आणि त्याच्या एका कडेनं वायर लोंबत होती.

खंडेनवमीची सकाळ होती. लग्न होऊन मी कोल्हापूरला आले त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. पुण्यात आमच्या घरी खंडेनवमी म्हणजे स्कूटरला एक हार घातला की विषय संपला. इथे थाट वेगळा. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा, उद्यमनगरात लेथचा कारखाना. तिथली पूजा उरकून ते घरी आले होते आणि पुढच्या सोप्यात पाट मांडून त्यावर नटबोल्टचे पाने, हातोड्या, मायक्रोमीटर असं एकेक मांडत होते. सासूबाईंची विळी होती, अडकित्ता होता. माझा लॅपटॉपही त्यांनी मागून घेतला. घरात राबणाऱ्या कुठल्याच वस्तूला त्या दिवशी विसरायचं नाही, असा त्यांचा दंडक.

गाठोडं सोडलं तर आतून निघाला एक कॉम्प्युटर. दिसायला जाडजूड कीबोर्ड, पण अख्खा कॉम्प्युटर त्याच्याच पोटात. उजव्या कुशीला फ्लॉपी सरकवायची फट. टीव्हीला जोडून गेम खेळायची ही जुनी मशिनं मी फक्त फोटोत पाहिली होती. मी स्वतः कॉम्प्युटर दुरुस्तीतली, तेव्हा लग्नातल्या शालूवर खिळले नव्हते इतके माझे डोळे त्याच्यावर खिळले. अप्पांनी तो फडक्यानं हळुवार पुसला आणि पाटाच्या मधोमध ठेवला. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि मग आमच्याकडे पाठ करून त्याच्यावर जरा वेळ वाकून काहीतरी पुटपुटत राहिल्या. एकेका वस्तूवर एकेकाची माया असते, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

"अप्पा, हा लावायचा कधी?" मी उत्साहानं विचारलं.

अप्पांनी सरळ असलेला मायक्रोमीटर पुन्हा सरळ केला.

"तो लावायचा नसतो," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्यानं, हर्षवर्धननं, मला सगळी कहाणी सांगितली. सांगताना तो हसत होता, कारण लहानपणापासून ऐकून ऐकून त्याला ती पाठ झाली होती.

कॉम्प्युटर आणला होता जयसिंगमामांनी. सासूबाईंचे हे एकुलते एक धाकटे भाऊ तेव्हा मस्कतला नोकरी करायचे. सुट्टीवर येताना भाच्यासाठी म्हणून त्यांनी ते मशीन आणलं, आणि भाच्याच्या हाती ते कधी लागलंच नाही. दाजी आणि मेहुणा दोघांनीच त्याचा ताबा घेतला. त्यात क्रिकेटचा एक गेम होता, अगदी पाच दिवसांच्या कसोटीसारखा लांबलचक. संध्याकाळी कारखाना बंद झाला की दोघं टीव्हीपुढे बसायचे, जेवायची हाक आली की सामना फ्लॉपीवर साठवून उठायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. सामना ऐन रंगात आला आणि खंडेनवमी आली. यंत्रं पूजेला बसली की त्यांना हात लावायचा नाही, म्हणून कॉम्प्युटरही पाटावर गेला. दसऱ्याला सोनं लुटून दोघं पुन्हा बसले, तर फ्लॉपी आत घालताच मशीन करकर करायला लागलं. सामना उघडेचना.

मामा म्हणाले, दाजी हरत होते म्हणून त्यांनी काहीतरी केलं. अप्पा म्हणाले, हरत होता तो, आणि यंत्राची खोड ज्याला ठाऊक त्यानंच ती काढली. चेष्टेत सुरू झालेलं बोलणं वडिलांपर्यंत, मग वडिलांच्या वडिलांपर्यंत गेलं. "सामना जिथं थांबलाय तिथनं पुढं सुरू झाल्याशिवाय या उंबऱ्याला पाय लावणार नाही," असं म्हणून मामा भरल्या ताटावरून उठले. ते जे उठले ते उठलेच. पुढे मस्कत सोडून इचलकरंजीत स्थायिक झाले, तरीही. लग्नाकार्यात मांडवात भेटायचे, बहिणीशी बोलायचे, आमच्या लग्नातही अक्षता टाकून गेले. पण घरी नाही. याला अठरा वर्षं झाली होती.

"आणि भाऊबीज?" मी विचारलं.

तेव्हा मात्र हर्षवर्धनचं हसू मावळलं. आई चंद्राला ओवाळते, तो म्हणाला.

ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. ह्यांना सख्खा भाऊ, तोही तासाभराच्या अंतरावर, आणि ह्या गच्चीत उभ्या राहून आकाशाकडे निरांजन धरणार! मला ते चित्र डोळ्यांपुढे आलं. अप्पा माणूस लाखमोलाचा, मामाही तसेच असणार, पण दोघांची टाळकी अडकित्त्यात घालून फोडावीत असं वाटलं. यंदा गच्चीत जाऊ द्यायचं नाही, मी ठरवलं.

दसरा झाला, पूजा हलली. कॉम्प्युटर परत माळ्यावर ठेवायला या खेपेला मी स्वतः चढले. कोपऱ्यात एक खोकं दिसलं, सुतळीनं बांधलेलं, न फोडलेलं. वर परदेशी लेबल, आणि पेनानं लिहिलेलं 'दिनकरराव खराडे यांस', म्हणजे अप्पांच्या नावानं.

"तो मस्कतचा डबा," सासूबाई खालून हळूच म्हणाल्या. "राहू दे तिथंच."

भांडणाच्या दुसऱ्या वर्षी मामांनी तो कुणाबरोबर तरी पाठवला होता. निरोप असा होता की यात खेळ ठेवला की फ्लॉपी बिघडली तरी सामना जात नाही. अप्पांनी निरोप ऐकला आणि भडकले. म्हणजे फ्लॉपी मी बिघडवली असंच म्हणायचंय ना त्याला! डबा न उघडता माळ्यावर गेला. तिकडे मामांना वाटलं, एवढ्या लांबून पाठवलं तर पोचल्याचा साधा निरोपही नाही. एकानं समेटासाठी हात पुढे केला तो दुसऱ्याला चापटीसाठी वाटला, असा सगळा प्रकार.

मी सुतळी सोडली. आत विटेएवढी जड पेटी. याच कॉम्प्युटरच्या कुशीला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क! आज असलं काही शोधायचं म्हटलं तर जगभर धुंडाळावं लागेल, आणि ते आमच्या माळ्यावर पापडाच्या डब्याशेजारी पडलं होतं. मी आनंदानं स्टुलावरच एक उडी मारली असती, पण सासूबाई स्टूल धरून होत्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा आणि हर्षवर्धन कारखान्यात गेल्यावर आम्ही दोघींनी दार लावून घेतलं. सासूबाईंची आधी तयारी नव्हती. उगाच झाकलेलं उघडायचं कशाला, असं त्यांचं चाललं होतं. पण मी चंद्राचं नाव काढलं आणि त्या मुकाट्यानं स्क्रू ठेवायला वाटी घेऊन बसल्या.

कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही, आणि मग पडद्यावर एक हात आला, फ्लॉपी धरलेला. "फ्लॉपी दे म्हणतोय," मी म्हटलं. "एवढ्या वर्षांनी पण मागतोयच की," सासूबाई म्हणाल्या आणि कौतुकानं पडद्याकडे बघत राहिल्या. एक कोरी फ्लॉपी घालून बघितली. करकर, करकर. तीच ती अठरा वर्षांपूर्वीची तक्रार.

मग मी मशीन उघडलं. फ्लॉपी ज्यात फिरते त्या खणाचं झाकण काढलं आणि बघतच राहिले. आत तांदूळ होते. एखाददुसरा दाणा नव्हे, चांगले चिमूटभर. काही ताजे लाल, काही फिकट, आणि सगळ्यांत तळाशी, चाकाच्या फटीत गच्च रुतून बसलेले दोन काळपट दाणे.

"आई, यात अक्षता कशा?"

सासूबाई वाकल्या. मग खाली फरशीवरच बसल्या.

"त्यानं खाल्लंच नाही की गं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. मग तुटक तुटक बोलत त्यांनी सांगितलं. हे दोघं रोज संध्याकाळी त्या फटीत एकेक चौकोनी वडी सारायचे, आणि वडी पोटात गेली की यंत्र गुरगुरून कामाला लागायचं. तेव्हा ते त्याचं तोंड, हे सासूबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवलं होतं. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांना बाहेरून हळदकुंकू. पण ज्याला तोंड आहे त्याला नैवेद्य नको? म्हणून दोन दाणे त्याच्या तोंडात. पहिल्या वर्षी, आणि मग यंत्र रुसलं म्हणून पुढे दरवर्षी, नेमानं. पाठ करून त्या काय पुटपुटत होत्या ते आता कळलं. बाबा रे, खा आणि माझ्या घरातलं भांडण मिटव, असं म्हणत होत्या.

मला हसू आवरेना आणि त्यांच्याकडे बघून हसताही येईना. शेवटी त्यांनाच हसू फुटलं. त्या हसल्या आणि त्याच हसण्यात डोळ्यांना पदर लावला.

"सांगू नकोस कुणाला," त्या म्हणाल्या. "आधी माझा भाऊ उंबऱ्याच्या आत येऊ दे. मग मीच सांगतो."

कोल्हापूरच्या बायका 'मी सांगतो, मी जातो' म्हणतात. त्या बोलण्यावर मी एरवी त्यांना चिडवायची. त्या दिवशी त्यांचं ते 'सांगतो' फार ठाम वाटलं. तळाचे दोन काळपट दाणे त्यांनी उचलले आणि पदराच्या गाठीत बांधले.

खण साफ केला, कुंकवानं माखलेला भाग स्पिरिटनं पुसला. पुढची भीती फ्लॉपीची. ती अप्पांनी श्रीखंडाच्या डब्यात डांबरगोळ्या घालून ठेवली होती, म्हणजे शत्रूचा ऐवज असावा तशी जपून. पण आत बुरशीचे पांढरे ठिपके होतेच. अशी फ्लॉपी एकदा वाचली जाईल, पुन्हा फिरवली तर खरवडून निघेल. म्हणून तर मस्कतच्या डब्याची गरज होती. एकदाच वाचायचं आणि सगळं त्या पेटीत उतरवून घ्यायचं.

पेटी कुशीला जोडली तर ती फिरेना. इतकी वर्षं बसून तिची चकती चिकटली होती. मी सासूबाईंना सांगितलं, हिला जरा हलवायला हवं. नारळ कानाशी धरून बघतात तशी त्यांनी ती पेटी उचलली, हळूच या बाजूला, त्या बाजूला फिरवली. "ऊठ गं बाई," म्हणाल्या. पुन्हा बटण दाबलं आणि आतून दूर कुठे गिरणी चालू व्हावी तसा आवाज आला.

फ्लॉपी वाचली जात असताना आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. मधेच ती अडखळली, पुन्हा चालली. सगळं उतरून झालं तेव्हा मी फ्लॉपी बाहेर काढली. तिच्यावर गोल ओरखडा उठला होता. पण सामना आता तिच्यात नव्हता, पेटीत होता. धावफलक मात्र मी उघडून बघितला नाही. तो हक्क माझा नव्हता.

राहिलं दोन हट्टी माणसांना एका खोलीत आणणं. ते काम हार्ड डिस्कच्या हातचं नव्हतं, तिथे नारदच हवा. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी इचलकरंजीला फोन लावला. सामना जिथं थांबला होता तिथून चालू होतोय, मामा, पण अप्पा म्हणतात तुम्ही यायचे नाही, हराल म्हणून. मग मामांनी एवढंच विचारलं की कुठल्या वेळी येऊ. अप्पांकडे हीच कळ उलटी फिरवली. जयसिंगमामा म्हणतात, दाजी टीव्हीपुढं बसायचे नाहीत. अप्पांनी ताटातली करंजी खाली ठेवली. "बोलव त्याला," म्हणाले, "उद्याच बोलव."

मामा आले ते डोक्याला फेटाबिटा बांधून, जणू कुस्तीला. उंबऱ्याशी थबकले. सासूबाई दाराच्या आत उभ्या होत्या. मामांनी आधी टीव्हीकडे बघितलं. पडद्यावर हिरवं मैदान आणि पांढरे इवले खेळाडू उभे होते. मग त्यांनी उजवा पाय आत टाकला.

"या, पाव्हणं," अप्पा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

"आलो, दाजी," मामा म्हणाले आणि शेजारी बसले. इतक्या वर्षांचं बोलणं एवढ्यावर भागलं.

मी धावफलक उघडला. अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना जिंकायला पाच-सहा धावा हव्या होत्या. मामांच्या म्हणण्याप्रमाणे शंभर. पडद्यावर सदतीस दिसत होत्या, आणि अप्पांची शेवटची जोडी खेळत होती. अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. सदतीसच होत्या.

मामांनी जॉयस्टिक धरली, गोलंदाज धावत आला. अप्पांनी पहिला चेंडू असा टोलवला की चौकार. हर्षवर्धननं शीळ घातली. दुसऱ्या चेंडूला अप्पांनी तोच फटका मारला आणि मधली यष्टी उडाली. संपलं. ज्या सामन्यासाठी घर फुटलं होतं तो सुपारी कातरून होण्याआधी आटोपला. दोघं पडद्याकडे बघत बसले, पुढे काहीतरी यायचं बाकी असल्यासारखे.

"म्हणजे हरत होतासा तर, दाजी," मामा शेवटी म्हणाले. "म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"काही नाही. म्हणूनच."

अप्पांनी जॉयस्टिक खाली ठेवली. मामांचा हात फेट्याकडे गेला. एवढी खटपट करून मी अप्पांच्या विरुद्ध पुरावाच उभा केला होता! आता हे उठले तर मरेपर्यंत यायचे नाहीत.

सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन मधे उभ्या राहिल्या. ताट टेबलावर ठेवलं, दर लुगड्यागणिक नव्यानं बांधलेली पदराची गाठ सोडली आणि दोन काळे दाणे त्यात टाकले.

"ह्या दाण्यांनी बिघडवलं तुमचं यंत्र," त्या म्हणाल्या. "मी घातले होते. त्याच्या तोंडात."

"कुणाच्या तोंडात?" अप्पांनी विचारलं.

"यंत्राच्या. तुम्ही दोघं त्याला रोज वड्या भरवत होतासा. मला काय ठाऊक फ्लॉपी? सणादिवशी त्याला उपाशी ठेवू?"

दोघं त्या दाण्यांकडे बघत राहिले. "तेवढ्या वर्षीच?" अप्पांनी हळूच विचारलं.

"दरवर्षी. तुमचं भांडण मिटावं म्हणून."

आधी मामांचे खांदे हलायला लागले. मग अप्पांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. दोघं एकमेकांच्या अंगावर रेलून इतके हसले की अप्पांना ठसका लागला आणि मामा त्यांची पाठ चोळत बसले. "अठरा वर्षं, जयसिंग," अप्पा ठसक्यातून म्हणत होते, "अठरा वर्षं तुझ्या नावानं खडे फोडले मी." मामा म्हणाले, आणि मी तुमच्या.

सासूबाई हसत नव्हत्या. "माझाच तांदूळ," त्या म्हणाल्या, "आणि मीच चंद्राला ओवाळत बसलो."

हसणं थांबलं. मामा उठले, स्वतःच भिंतीशी टेकवलेला पाट घेतला, मांडला आणि त्यावर लहान मुलासारखी मांडी घालून बसले. "ओवाळ, अक्का," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. सासूबाईंनी टिळा लावला, डोक्यावर अक्षता टाकल्या. निम्म्या फेट्याच्या घड्यांत गेल्या. गच्चीवरून चंद्रकोर दिसत असेल, तिकडे कुणी गेलं नाही.

ओवाळून झाल्यावर त्या निरांजन घेऊन टीव्हीकडे वळल्या. मशीनच्या कुशीला मस्कतचा डबा घुमत होता. अप्पांनी घाईघाईनं फ्लॉपीच्या फटीवर तळहात ठेवला. सासूबाईंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि डब्याभोवती वाकून, मागून, पुढून नीट बघून घेतलं.

"ह्याचं तोंड कुठं आहे गं?" त्यांनी मला विचारलं.

"ह्याला तोंडच नाही, आई."

"मग बरंय," त्या म्हणाल्या आणि डब्याला ठसठशीत कुंकू लावलं. "तोंड नाही म्हणजे भांडण नाही."